इमोलाची भाऊबंदकी

रविवार, 25 एप्रिल 1982. इटलीतल्या इमोला गावच्या सर्किटवर फॉर्म्युला वन शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्या चालू आहेत. पिटच्या कठड्याशी उभा असलेला फेरारी संघाचा माणूस हातातला फलक बाहेर धरतो. फलकावर एकच शब्द आहे : स्लो. हळू. लाल रंगाच्या दोन गाड्या त्याच्यासमोरून सुसाट जातात, 27 नंबरची आणि 28 नंबरची. त्या काळी चालकाच्या कानात आजच्यासारखा सतत रेडिओ बोलत नसे. दर फेरीला एकदा, भरधाव जाताना, डोळ्याच्या कोपऱ्यातून क्षणभर फलक दिसायचा. तेवढ्यात वाचायचं आणि अर्थ आपला आपण लावायचा.

27 नंबरच्या गाडीत जिल विलनव होता. त्याने अर्थ लावला : आहात तसेच घरी या, जागा बदलू नका. 28 नंबरमधल्या डिडिए पिरोनीने अर्थ लावला : गाडी जपा, पेट्रोल जपा. पुढे कोणी राहायचं, याबद्दल फलकावर काही लिहिलेलंच नाही.

तेरा दिवसांनी त्यांच्यातला एक या जगात नव्हता.

मोटार शर्यतींचा इतिहास वाचताना मी पुन्हा पुन्हा या फलकापाशी येऊन थांबतो. एकाच संघातले दोन चालक हे नातं बाहेरून मैत्रीचं दिसतं. कपडे एका रंगाचे, गाड्या एका साच्यातल्या, मेकॅनिक एका छपराखालचे. पण त्यामुळेच हरल्यावर ‘त्याची गाडीच भारी होती’ ही सबब जगात फक्त एका माणसापुढे चालत नाही, आणि तो माणूस शेजारच्या गाडीत बसलेला असतो. संघाच्या खात्यात दोन्ही गाड्यांचे गुण पडतात, चालकाच्या खात्यात ज्याचे त्याचे. सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आपल्याकडे जे होतं, त्याला आपण भाऊबंदकी म्हणतो. परक्याशी वैर होतं, भाऊबंदकी होत नाही. ती घरातच व्हावी लागते.

फेरारीचं घर म्हणजे मारानेल्लो, आणि घरातले वडीलधारे एन्झो फेरारी. जिंकते ती गाडी, चालक येतात नि जातात, अशी त्यांची धारणा. त्या घरात एक जुनी गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाई. 2 सप्टेंबर 1956, मोंझा. तेव्हाच्या नियमांत एका चालकाने उतरून आपली गाडी दुसऱ्याला देण्याची मुभा होती; मिळालेले गुण दोघांत निम्मे निम्मे. हुआन मान्युएल फांजिओ विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना त्याच्या फेरारीचं स्टिअरिंग बिघडलं. लुइजी मुस्सो टायर बदलायला आत आला, तेव्हा त्याला गाडी सोडायला सुचवण्यात आलं. मुस्सो इटालियन, मोंझा म्हणजे त्याचं अंगण. तो जागचा हलला नाही. टायर बसताच निघून गेला. मग पीटर कॉलिन्स आला. चोवीस वर्षांचा इंग्रज पोरगा. हिशेबाने विश्वविजेतेपद त्यालाही अजून शक्य होतं. टायर तपासायला म्हणून थांबला, कठड्याशी ताटकळत उभा असलेला फांजिओ त्याला दिसला आणि तो आपणहून खाली उतरला. त्या गाडीतून फांजिओ दुसरा आला. वर्षाच्या हिशेबात फांजिओचे 30 गुण झाले, स्टर्लिंग मॉसचे 27, कॉलिन्सचे 25.

आपल्यापुढे अजून पुष्कळ वर्षं आहेत, असं कॉलिन्सला वाटलं होतं. 1958च्या ऑगस्टमध्ये नुर्बुर्गरिंगच्या शर्यतीत तो अपघातात गेला. मुस्सो त्याच्या महिनाभर आधी रीम्सला तसाच गेला होता. उतरला तोही गेला आणि न उतरलेलाही गेला. घरात आठवण राहिली ती उतरणाऱ्याची.

आता 1979. विलनव कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा, बर्फावरच्या स्नोमोबाइल शर्यतींत तयार झालेला. समोर उडणाऱ्या बर्फाच्या धुरळ्यात काही दिसत नसताना वेग कमी न करण्याची सवय त्याला तिथेच लागली. 1977 साली निकी लाउडा फेरारी सोडून गेला आणि त्याच्या जागी हा अंगाने किरकोळ, जगाला फारसा माहीत नसलेला तरुण आला. त्याने गाड्या मोडल्या, लोकांची मनं जिंकली, आणि पहिला विजय 1978 साली मायदेशी, माँट्रियललाच मिळवला. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा जोडी शेक्टर त्याचा जोडीदार झाला. दोघांची मैत्री खरी होती. त्या वर्षी वॉटकिन्स ग्लेनला पावसात झालेल्या सरावात दुसऱ्या क्रमांकाच्या शेक्टरपेक्षा विलनवची वेळ 9 सेकंदांहून अधिक कमी होती. या खेळात दशांश सेकंदांवर भांडणं होतात. 9 सेकंद म्हणजे जवळजवळ दुसराच खेळ.

त्याच्या आधीच्या महिन्यात, 9 सप्टेंबरला, मोंझाची शर्यत झाली होती. शेक्टर जिंकला तर विश्वविजेता होणार होता. विलनवचीही आशा अजून संपलेली नव्हती. शेक्टर पुढे, विलनव त्याच्या शेपटाला. फेऱ्यांमागून फेऱ्या तसाच. शेवटची रेघ दोघांनी ओलांडली, तेव्हा अंतर होतं अर्ध्या सेकंदापेक्षा कमी, 0.46. विलनव पुढे जाण्यासाठी एकदाही झेपावला नाही. मागे राहायचा शब्द त्याने दिलेला होता. शेक्टर 51 गुणांनी विश्वविजेता झाला आणि विलनव 47 गुणांनी दुसरा. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि पुढची पाळी आपली, असं धरून चालला होता. कॉलिन्ससारखंच.

मला वाटतं, इमोलाचं सगळं मूळ या मोंझात आहे. विलनवच्या मनात त्या दिवशी एक नियम पक्का झाला : दोन फेरारी सर्वांत पुढे असतील, मागून धोका नसेल, तर पुढचा पुढे आणि मागचा मागे. हा नियम त्याने स्वतःच्या विश्वविजेतेपदाची किंमत मोजून पाळला होता.

पिरोनी 1981 साली या घरात आला. पॅरिसजवळचा, खात्यापित्या घरचा, शांत, मोजून बोलणारा. 1978 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या जोडीतला एक. पहिलं फ्रेंच विश्वविजेतेपद आपण आणायचं, हे त्याचं ध्येय होतं आणि ते तो लपवत नसे. विलनवने त्याला मोकळेपणाने घरात घेतलं. त्या वर्षी विलनवने मोनॅको आणि हारामाला शर्यती जिंकल्या. गुण झाले विलनवचे 25, पिरोनीचे 9. 1982च्या जानेवारीत क्यालामीला चालकांनी संप केला, जोहान्सबर्गच्या एका हॉटेलच्या दिवाणखान्यात सगळे जमिनीवर गाद्या टाकून झोपले. तेव्हा अधिकाऱ्यांशी बोलणी करायला चालकांच्या वतीने पिरोनीच उभा होता आणि विलनव बाकीच्यांबरोबर आत होता. इमोलाच्या तीन महिने आधीची ही गोष्ट. तोवर हे वैरी नव्हते.

इमोलाची शर्यत मुळातच अर्धी होती. त्याआधी ब्राझीलच्या शर्यतीत पिके आणि रोसबर्ग यांच्या गाड्या वजनाच्या वादात बाद ठरल्या होत्या. ब्रेक थंड करण्याच्या नावाखाली पाण्याची टाकी बसवायची, पाणी वाटेत सांडून गाडी हलकी करायची आणि शर्यत संपल्यावर टाकी भरून वजनाला उभी करायची, अशी ती युक्ती. त्या निकालाच्या रागात बहुतेक ब्रिटिश संघांनी इमोलावर बहिष्कार टाकला. उभ्या राहिल्या फक्त 14 गाड्या. त्यांत जिंकण्याची ताकद चौघांत : दोन रेनो, दोन फेरारी. आर्नू आणि प्रॉस्त रेनोत पुढच्या दोन जागांवर. तिसऱ्या जागेवर विलनव, चौथ्यावर पिरोनी. पात्रता फेरीत विलनव 1:30.717, पिरोनी 1:32.020. सव्वा सेकंदाहून जास्त फरक. हा आकडा लक्षात ठेवायला हवा. पुढे विलनवने आपल्या बाजूने हाच पुरावा मांडला. जो शनिवारी एवढा मागे होता, तो रविवारी माझ्या बरोबरीने येतो तो मी हळू चालवतो म्हणूनच ना, असा त्याचा सवाल होता.

प्रॉस्तचं इंजिन लवकरच गेलं. आर्नू आणि दोन्ही फेरारींत चुरस चालली. 44व्या फेरीत आर्नूचंही इंजिन बसलं, आणि कठड्याभोवतीच्या फेरारीप्रेमी गर्दीचा आवाज आभाळाला भिडला. 16 फेऱ्या उरल्या होत्या, लाल गाड्या पहिली आणि दुसरी, मागे धोका कोणाचाच नाही. टर्बो इंजिन पेट्रोलला आसुसलेलं. टाकीत बसलेल्या पेट्रोलवरच शर्यत निभवायची होती. फलक बाहेर आला : स्लो.

विलनवने वेग कमी केला. 46व्या फेरीत पिरोनी त्याला ओलांडून पुढे गेला. विलनवला वाटलं, चौदाच गाड्या आहेत, पैसे मोजून आलेल्या लोकांना थोडी गंमत दाखवतोय. 49व्या फेरीत त्याने जागा परत घेतली आणि पुन्हा वेग उतरवला. 53व्या फेरीत पिरोनी पुन्हा पुढे. या वेळी सहा फेऱ्या तो पुढेच राहिला. विलनव पुढे असला की गाड्या सावकाश जात, पिरोनी पुढे गेला की वेग चढे. हा फरक मला सगळ्यांत बोलका वाटतो. एक जण शर्यत आवरत होता, दुसरा ती अजून लढत होता. 59व्या फेरीत विलनव जोर लावून टोसाच्या वळणावर पुढे आला आणि त्याच्या लेखी विषय मिटला. उरली एक फेरी.

इमोलाची तेव्हाची रचना अशी : सुरुवातीची सरळ धाव टाम्बुरेल्लोच्या लांब डाव्या वळणातून जायची, मग पूर्ण वेगातली एक हलकी कलाटणी, आणि मग टोसा, जिथे गाडीला एकदम करकचून ब्रेक लावावा लागायचा. पुढे जाण्याची खरी जागा ही एकच. शेवटच्या फेरीत त्या सरळ रस्त्यावर विलनव निर्धास्त होता. आतली बाजू अडवून धरायची त्याला गरज वाटली नाही. आपल्याच घरातल्या माणसासमोर दाराला कडी कोण घालतं? पिरोनी त्याच्या मागच्या हवेच्या पोकळीत शिरला, टोसापाशी आतल्या बाजूने पुढे निघाला, आणि मग सर्किटवर त्याला परत ओलांडायला जागाच उरली नाही. पिरोनी पहिला, विलनव दुसरा, अंतर 0.366 सेकंद.

व्यासपीठावरचे फोटो आजही उपलब्ध आहेत. पिरोनी हसतो आहे. तिसऱ्या आलेल्या मिकेले आल्बोरेतोचा व्यासपीठावरचा तो पहिला दिवस. विलनवचा चेहरा मात्र दगडासारखा, नजर कोणाकडेच नाही. तिथून तो तडक हेलिकॉप्टरने निघून गेला. यापुढे पिरोनीशी आपण एक शब्दही बोलणार नाही, असं त्याने पत्रकारांना सांगितलं. हा शब्दही त्याने पाळला.

पिरोनीचं म्हणणं होतं की जागा बदलू नका असा हुकूम कोणी दिलाच नव्हता. शब्दशः पाहिलं, तर ते खोटं नव्हतं. मोंझाचा व्यवहारही विलनव आणि शेक्टर यांच्यातला. पिरोनी तेव्हा या घरात नव्हता आणि त्या ऋणाच्या कागदावर त्याची सही नव्हती. तरीही माझं मन विलनवच्याच बाजूने जातं. वेगात हरवणं आणि विश्वासाने हळू झालेल्या माणसाला ओलांडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पिरोनीला हा फरक कळत नव्हता असं मला वाटत नाही. पण सगळ्यांत मोठी चूक मी कठड्याची धरतो. ‘स्लो’ लिहिणाऱ्याला आणखी एक शब्द लिहिता आला असता. 46व्या फेरीपासून शेवटपर्यंत पंधरा वेळा या गाड्या त्याच्यासमोरून गेल्या, आणि पंधराही वेळा घरातल्या मोठ्यांनी दोघांना आपापला अर्थ लावू दिला. नंतर एन्झो फेरारींनी जाहीर निवेदन काढलं आणि विलनवची नाराजी रास्त मानली. ते शर्यत चालू असताना सांगायला हवं होतं.

पुढे चालकांच्या कानात रेडिओ आला, तरी तोंडाने स्पष्ट न बोलण्याची ही रीत गेली नाही. 2002 साली ऑस्ट्रियात फेरारीच्याच बारिकेल्लोने शेवटच्या काही मीटरवर आपला जोडीदार शूमाखर याला वाट दिली, तेव्हा प्रेक्षकांनी छी-थू केली आणि संघाच्या हुकमांवर बंदी आली. 2010 साली हॉकेनहाइमला फेरारीने मासाला जोडीदार आलोन्सोसाठी वाट सोड असं सांगितलंच नाही. आलोन्सो तुझ्यापेक्षा वेगात आहे, एवढंच रेडिओवर कळवलं. मासाला कळलं, जगाला कळलं, पंचांनाही कळलं. संघाला एक लाख डॉलर दंड झाला. पुढच्या वर्षी ती बंदीच उठवली.

पण 1982कडे परत येऊ. इमोलानंतरची शर्यत बेल्जियममधल्या झोल्डरला. शनिवार, 8 मे, पात्रतेचं शेवटचं सत्र. पिरोनीची वेळ 1:16.501. विलनवची 1:16.616. फरक पापणी लवण्याइतकाच. पात्रतेसाठीच्या खास मऊ टायरचे तेव्हा सत्रामागे दोनच संच मिळत आणि त्यांचा खरा जोर फार तर एक-दोन फेऱ्या टिके. अडथळा आला तर ती संधी गेलीच म्हणायची. सत्र संपायला आठेक मिनिटं उरली असताना विलनव शेवटच्या संचावर बाहेर होता. पुढे योखेन मासची मार्च गाडी सावकाश पिटकडे परतत होती. मासने आरशात लाल गाडी पाहिली आणि तिला वाट द्यायला म्हणून तो उजवीकडे झाला. त्याच क्षणी विलनवनेही उजवीकडून जायचं ठरवलं. फेरारीचं पुढचं चाक मार्चच्या मागच्या चाकावर चढलं आणि गाडी हवेत उडाली. पट्ट्यांसकट विलनव बाहेर फेकला गेला. रात्री 9 वाजून 12 मिनिटांनी लुव्हेनच्या इस्पितळात तो गेला. वय 32.

पिरोनीवरच्या रागापायी त्याने ती जोखीम घेतली, असं बहुतेक जण सांगतात. फेरारीचे मुख्य तंत्रज्ञ मॉरो फोर्गिएरी यांचं म्हणणं वेगळं होतं : तो पिटकडे परतत होता. पण परतताना वेग कमी करणं विलनवला कधी जमलंच नव्हतं, आणि त्याच्या मनात शेवटच्या क्षणी काय होतं, हे त्याच्याबरोबरच गेलं. फेरारीने पिरोनीची गाडीही शर्यतीतून काढून घेतली. बर्थियेव्हिलला अंत्यविधीला कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो आले. शेक्टर बोलायला उभा राहिला. मोंझाला ज्याच्यासाठी विलनव मागे राहिला होता, त्याने सांगितलं की इतका वेगवान चालक आणि इतका सच्चा माणूस आपण दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर पिरोनीच्या वाट्याला जे आलं, त्याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 13 जूनला माँट्रियलला, नुकतंच विलनवचं नाव दिलेल्या सर्किटवर, तो सर्वांत पुढच्या जागेवर होता आणि सुरुवातीलाच त्याची गाडी बंद पडली. मागून आलेला रिकार्डो पालेत्ती हा इटालियन तरुण तिच्यावर आदळला. पिरोनी गाडीतून उतरून त्याला वाचवायला धावला. पालेत्ती वाचला नाही; दोन दिवसांनी त्याचा चोविसावा वाढदिवस होता.

तरीही पिरोनी जिंकत राहिला. ऑगस्ट उजाडला तेव्हा तो 39 गुणांवर होता, दुसऱ्यापेक्षा 9 ने पुढे. पहिलं फ्रेंच विश्वविजेतेपद हाताशी आलं होतं. 7 ऑगस्टला हॉकेनहाइमला सर्वांत पुढची जागा त्याने आधीच मिळवलेली होती. सकाळच्या पावसात तो वेगाने जात होता, आणि पुढच्या गाडीने उडवलेल्या पाण्याच्या धुरळ्यात प्रॉस्तची रेनो त्याला दिसली नाही. त्याचंही पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकावर चढलं. त्याचीही गाडी हवेत उडाली. झोल्डरसारखीच. पाय कापावे लागतील की काय, अशी वेळ आली. पाय राहिले, पण तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि फॉर्म्युला वनमध्ये तो पुन्हा बसला नाही. दुसऱ्या दिवशीची शर्यत पॅट्रिक टाम्बेने जिंकली. विलनवची 27 नंबरची गाडी फेरारीने त्यालाच दिली होती. वर्षाअखेर केके रोसबर्ग 44 गुणांनी विश्वविजेता झाला. पाच शर्यती बाकी असताना थांबलेल्या पिरोनीचे 39 तसेच राहिले. संघांचं विजेतेपद फेरारीला मिळालं. ज्या गाडीने ते मिळवलं, तिचे मूळचे दोन्ही चालक तोवर तिच्यात नव्हते.

पायांनी दगा दिल्यावर पिरोनी पाण्यावरच्या शर्यतींकडे वळला. 23 ऑगस्ट 1987 रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइटजवळ, ‘कोलिब्री’ नावाची त्याची स्पीडबोट लाटेवर उलटली. तो आणि त्याचे दोन साथीदार, तिघेही गेले. त्याची जोडीदार कॅथरीन गू तेव्हा गरोदर होती. काही महिन्यांनी तिला जुळे मुलगे झाले. एकाचं नाव तिने डिडिए ठेवलं.

इमोलाच्या सुरुवातीच्या रेघेवर तिसऱ्या जागेत आज कॅनडाचा झेंडा रंगवलेला आहे, आणि टोसाच्या आधीच्या कलाटणीला विलनवचं नाव आहे. 2 ऑगस्ट 2020 रोजी सिल्व्हरस्टोनची ब्रिटिश ग्रां प्री लुईस हॅमिल्टनने फुटक्या टायरवर जिंकली. विजेत्या मर्सिडीज संघाची ट्रॉफी घ्यायला एक इंजिनिअर त्याच्याबरोबर व्यासपीठावर चढला. त्या जुळ्यांतला तो दुसरा : जिल पिरोनी.